चौमहल्ला की सालारजंग? निजामाचा महाल नेमका कोणता

आमच्या पांढरकवड्याकडचं कोणी हैदराबादहून आलं की हमखास सांगतं, निजामाचा महाल पाहिला, काय घड्याळ आहे बाप्पा, दर तासाला आतून दाढीवाला बाहुला निघतो न टोले देतो! घड्याळ खरंच आहे, पण ते महालात नाही, सालारजंग म्युझियममध्ये आहे. आणि सालारजंग म्हणजे निजाम नव्हे, निजामाचे दिवाण. निजामाचा महाल तो चौमहल्ला. आपल्या भाषेत, चौमहल्ला हा देशमुखाचा वाडा, न सालारजंग म्हणजे दिवाणजीच्या घरानं जमवलेला माल.

सालारजंगमध्ये वस्तू पाहायच्या. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान जन्मभर खरेदीच करत राहिले, १९४९ मध्ये वारले, १९५१ मध्ये त्यांच्या दिवाण देवडी नावाच्या वाड्यातच म्युझियम उघडलं, पण १९६८ मध्ये सगळं सामान मुसी नदीकाठच्या नव्या बिल्डिंगमध्ये हलवलं. म्हणजे आता आपण फिरतो त्या खोल्यांत कोणी कधी राहिलेलंच नाही. चौमहल्ल्यात मात्र खोलीच पाहायची असते, काम १७५० च्या सुमारास सुरू झालं ते पुढची शंभरेक वर्षं चाललं. खिलवत नावाचा दरबार हॉल आहे, वर १९ झुंबरं, मधोमध संगमरवरी चौथरा, त्यावर निजामाची गादी. आम्ही तिथं मान वर करून उभे, न आई म्हणते, "एवढ्या झुंबरायची धूळ कोन पुसत असन?" मला विचाराल तर अर्धा दिवस इथंच घालवा, कारण त्या चौथऱ्याकडं पाहिलं की दरबार कसा भरत असेल ते डोळ्यापुढं येतं, काचेच्या कपाटातल्या तलवारीकडं पाहून तसं होत नाही.

पण वऱ्हाडी माणसाने सालारजंगमधला बुरख्यातल्या रिबेकाचा पुतळा चुकवू नये, संगमरवराचाच पण पदर ओला वाटतो. आपला वऱ्हाड निजामाचा, १८५३ मध्ये फौजेच्या थकबाकीपायी इंग्रजांकडं गेला, तो परत मागायला पहिले सालारजंग १८७६ मध्ये विलायतेला गेले. त्याच फेरीत रोममध्ये त्यांनी रिबेका घेतली. वऱ्हाड काही मिळाला नाही, रिबेका आली.

दोन्ही ठिकाणं जवळजवळच आहेत, सालारजंग नयापुलाजवळ न चौमहल्ला चारमिनारच्या पुढं लाडबाजाराकडं, एका दिवसात होतात. फक्त शुक्रवारी जाऊ नका, दोन्ही बंद. आम्ही पहिल्या खेपेला शुक्रवारीच पोचलो होतो, मग काय, इराणी चहा न उस्मानिया बिस्किटं खाऊन लॉजवर परत.