बाकी उरली, तिचं काय करायचं?

एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीतलं हे गणित. निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी भागाकार बिनचूक केला, पण ३२ हे बरोबर उत्तर जेमतेम २३ टक्क्यांचं आलं. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ लिहून टाकलं. १८ टक्क्यांनी नुसतं ३१ लिहिलं आणि बारा सैनिक रस्त्यावरच सोडले.

‘मुलांना भागाकार येत नाही’ अशी ओरड नेहमीचीच. इथे भागाकार तर आला होता! घोडं अडलं ते बाकीपाशी.

तेवीस मणी घ्या. ‘चौघांत सारखे वाट’ म्हटलं की मूल एकेक मणी फिरवून देतं. प्रत्येकाला पाच, उरले तीन. ‘चार-चारचे ढीग कर’ म्हटलं तर पाच ढीग, उरले तीनच. वहीत दोन्हीकडे २३ ÷ ४. मात्र पहिल्यांदा पाच म्हणजे मणी, दुसऱ्यांदा पाच म्हणजे ढीग. बाकी दोन्ही वेळा मणीच. बाकी नेहमी भाज्याच्या, म्हणजे ज्याला भागतो त्या संख्येच्या, जातीची असते. ‘३१, बाकी १२’ मध्ये ३१ बस आहेत आणि १२ माणसं. कॅल्क्युलेटरवर हेच ३१.३३ दिसतं, तिथे माणसं गायब होऊन बसचा तिसरा हिस्सा उरतो. म्हणून मुलांना ‘बाकी ३’ ऐवजी ‘३ मणी उरले’ असं लिहायला लावावं.

आता तेच २३ ÷ ४. चार जणांच्या गाडीत तेवीस जण न्यायचे तर गाड्या सहा. तेवीस मीटर दोरीचे चार-चार मीटरचे तुकडे पाचच. तेवीस लिटर पाणी चार भांड्यांत सारखं ओतलं तर प्रत्येकात पावणेसहा लिटर. मग उलटं विचारावं : ‘याच भागाकाराचं उत्तर ३ येईल असं गणित तूच तयार कर.’ इथे मुलं खरी रंगतात.

कधीकधी बाकी हेच उत्तर असतं. आज मंगळवार, तर २३ दिवसांनी कोणता वार? सातने भागा, बाकी २, म्हणजे गुरुवार. जन्मतारखेतले अंक मिळवून भविष्य सांगणाऱ्यांचा ‘मूलांक’ही नुसती नऊची बाकी आहे. १० किंवा १०० ला नऊने भागलं की १ उरतो, म्हणजे तीन शतकांतून ३ आणि चार दशकांतून ४ उरतात; म्हणून ३४७ मधून ३ + ४ + ७ = १४ आणि पुढे १ + ४ = ५ उरतात. बाकी शून्य आली की तिथे ९ म्हणायचं, एवढंच काय ते रहस्य.