गुंजेतले विष, सोयाबीनमधला अडसर

कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) आता सोने इलेक्ट्रॉनिक काट्यावर जोखतात. त्याआधीचा हिशेब आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असा होता. ही लाल-काळी गुंज पोरांच्या तोंडात जाऊ नये म्हणून घरातली जुनी माणसे डोळ्यांत तेल घालून जपत. तिच्यातले विष म्हणजे अ‍ॅब्रिन हे प्रथिन. एरंडीतले रायसिन त्याचेच भावंड. वनस्पतींच्या संरक्षक प्रथिनांचा शोध अशा विषांपासून सुरू झाला. त्यांचा झाडाला काय उपयोग, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

१८८८ मध्ये डॉर्पाटला (आजच्या एस्टोनियातले टार्टू) हेरमान स्टिलमार्क यांनी एरंडीच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे दाखवले. रायसिनच्या रेणूची रचना बऱ्याच काळाने उलगडली. त्यात दोन साखळ्या असतात. एक पेशीवरच्या शर्करेला धरते; दुसरी आत शिरून रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएमधला अ‍ॅडेनिन नावाचा एकच घटक काढून टाकते. तेवढ्याने पेशीतली प्रथिननिर्मिती थांबते.

दुसरा धागा सोयाबीनचा. हातकणंगले-शिरोळकडचा पोल्ट्रीवाला कच्चे सोयाबीन भरडून कोंबड्यांना घालत नाही, कारण त्यांची वाढ खुंटते. अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल या आहारसंशोधकांनी १९१७ मध्येच उंदरांवर हे पाहिले होते : शिजवलेले सोयाबीन मानवते, कच्चे नाही. १९४५ च्या सुमारास मोझेस कुनिट्झ यांनी त्यामागचे एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. ट्रिप्सिन या पाचक विकराच्या (एन्झाइमच्या) फटीत ते चुकीच्या किल्लीसारखे रुतून बसते आणि सहजी सुटत नाही. बोमन-बर्क हे दुसरे प्रथिन जेमतेम ७१ अमिनो आम्लांचे, पण सात गंधक-बंधांनी घट्ट आवळलेले. म्हणून उष्णतेलाही चिवट. त्याच्या एका टोकाला ट्रिप्सिन अडकते, दुसऱ्याला कायमोट्रिप्सिन हे आणखी एक पाचक विकर.

हे सारे आहारशास्त्राच्या खात्यात जमा होत राहिले. खाते बदलले ते १९७२ मध्ये. ग्रीन आणि रायन या संशोधकांना दिसले, की भुंगेऱ्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान कुरतडले, तर न कुरतडलेल्या पानांतही पाचक विकर अडवणारे असे प्रथिन साठू लागते. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे आहे.

रोगांच्या बाजूची कथा तंबाखूने सांगितली. कागल ओलांडून निपाणीकडे गेले की हे पीक ओळखीचे होते. मोझॅकचा विषाणू त्याचा जुना वैरी. खालच्या पानांना लागण केली की वरची पाने सावध होतात, हे फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये दाखवले. १९७० मध्ये अशा रोगट पानांत नवी प्रथिने सापडली. गंमत अशी, की विषाणूमुळे उजेडात आलेल्या त्या प्रथिनांपैकी काही पुढे कायटिनेज आणि ग्लुकानेज निघाली, म्हणजे बुरशीची भित्तिका कापणारी!

किडीही गप्प बसत नाहीत. घाटेअळी आपले पाचक विकर बदलते, त्यामुळे हरभऱ्याची स्वतःची अडसर-प्रथिने तिला फारशी रोखत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले, की भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा अशा तिच्या खाण्यात नसलेल्या झाडांची प्रथिने आलटून-पालटून दिली, तर तिची वाढ जास्त खुंटते.