सावलीतल्या जागेसाठी बुटकी, बारमाही हिरवी झाडं

पावसाळ्याच्या तोंडावर नर्सरीत एक प्रश्न हमखास येतो. "झाडाखाली लॉन टिकत नाही, कुठली जात लावू?" घोडबंदर रोडच्या सोसायट्यांचे पोडियम, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागा, असोत की नेरूळ-बेलापूरच्या रो-हाउसमागची अरुंद पट्टी, रडगाणं तेच. आमचं उत्तरही तेच, कुठलीच नाही. लॉनला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं. ते नसेल तर गवत विरळ होतं, मग माती दिसते, पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि सोसायटी पुढच्या वर्षी पुन्हा लॉनच मागवते. लॉन आम्हीही विकतो, तरी सांगतो, तिथे ते घालू नका. जमिनीलगत पसरणारी, सावली सोसणारी झाडं लावा.

आधी सावली बघा

दुपारी बाराला त्या जागेवर हात आडवा धरा. जमिनीवर बोटं वेगवेगळी मोजता आली तर सावली हलकी. नुसता पुसट पंजा दिसला तर मध्यम. काहीच उमटलं नाही तर दाट. ही परीक्षा एकदाच करून चालत नाही. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावर असतो आणि इमारतीच्या उत्तरेची पट्टीही उन्हात येते. डिसेंबरात तीच पट्टी दिवसभर सावलीत. अशा जागी दोन्ही सोसणारं झाड हवं. स्पायडर प्लांट तिथे सहसा चालतो, फक्त मेमध्ये पानांची टोकं जळतात, ती कातरीने छाटायची.

काय लावाल

दाट सावलीत सिंगोनियम आणि मनी प्लांट. मनी प्लांट भिंतीवर चढवायची सवय आहे आपल्याला, पण आधार दिला नाही तर तो जमिनीवरच सरपटतो, पानं लहान राहतात आणि छान गालिचा होतो. मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचू देऊ नका, एकदा वर गेला की खाली जागा मोकळी. या दोघांचा चीक तोंडात गेला तर जळजळ होते, तेव्हा रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर घरात असेल तर नकोच.

मध्यम सावलीत आमची पहिली पसंती हेमिग्राफिसला. वरून राखाडी-हिरवं, पान उलटलं की जांभळं. फांदी जिथे मातीला टेकते तिथे मूळ धरते, त्यामुळे चार महिन्यांत जागा भरते. मोंडो ग्रास दिसायला देखणं, पण फार संथ. घाई असलेल्यांनी घेऊ नये. ओलसर, हलक्या सावलीत ब्राह्मी लावा, म्हणजे आपण घरोघरी जिला ब्राह्मी म्हणतो ती गोल पानांची मंडूकपर्णी.

विंकाबद्दल दोन शब्द. परदेशी व्हिडिओंत सावलीसाठी विंका मायनर, पॅकिसँड्रा, इंग्लिश आयव्ही सुचवतात. ती थंड हवेची झाडं, आपल्या मेमध्ये तग धरत नाहीत. आणि इथे विंका मागितलीत तर हातात पडते सदाफुली. तिला भरपूर ऊन लागतं. सावलीत ती नुसती उंच वाढते आणि रुसते.

पिवळ्या फुलांचं वेडेलिया आम्ही आता देत नाही. पूर्वी एका सोसायटीत आम्हीच लावलं होतं. दोन पावसाळ्यांत ते कुंपणापलीकडे नाल्यात उतरलं. नंतर उपटायला गेलो तर मातीत राहिलेला प्रत्येक तुकडा फुटून आला. येऊरच्या जंगलालगत राहणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

लावताना

सहा-सहा इंचांवर लावलं तर चौरस फुटाला चार रोपं बसतात, शंभर चौरस फुटांना चारशे. नऊ इंचांवर पावणेदोनशे-एकशे ऐंशी पुरतात, पण मधल्या जागेतलं तण तुम्हाला जास्त दिवस काढावं लागेल. पहिले तीन महिने खुरपं हातात राहणारच. त्यानंतर झाडंच तणाला वाव देत नाहीत.

मोठ्या झाडाखाली कुदळ चालवू नका. रेन ट्रीची मुळं वरच असतात, ती तुटली तर झाड आजारी पडतं. लाल माती आणि शेणखताचा दोन इंचांचा थर पसरा, बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा आणि मुळांच्या मधल्या खाचांत छोट्या पिशवीतली रोपं लावा. पोडियमवर माती जेमतेम फूटभर असते. तिथे नुसती लाल माती दबून घट्ट होते, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा आणि पाणी निघून जायची जाळी माळ्याला दर आठवड्याला साफ करायला सांगा.

लावणी जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर किंवा थेट गणपतीनंतर. जुलैच्या धारेत नको. पाऊस थांबला तरी झाडाची पानं तासभर ठिबकत राहतात आणि नवं रोप त्या थेंबांनीच उघडं पडतं.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्रीतून पानांची चाळण करतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचा. मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर मातीही जाते.

येताना जागेचा दुपारी बाराचा फोटो आणि फुटांत लांबी-रुंदी लिहून आणा. रोपं किती लागतील ते आम्ही तिथेच मोजून देतो.