स्ट्रीब ते स्ट्रीप: एका अभिनेत्रीच्या पूर्वजांचा माग

डच भाषेत 'स्ट्रेप' म्हणजे रेघ. लिहिताना हा शब्द मेरिल स्ट्रीप यांच्या आडनावासारखाच, अक्षरन् अक्षर तोच. त्यामुळे या अमेरिकी अभिनेत्रीचे घराणे नेदरलंड्सचे असावे, असे कुणालाही वाटेल. कागदपत्रे मात्र वेगळीकडे नेतात. त्यांचे खापरपणजोबा गॉटफ्रीड स्ट्रीब जर्मनीतल्या लोफेनाऊ या ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागातील गावातून अमेरिकेत आले. वडिलांकडची आणखी एक शाखा स्वित्झर्लंडमधल्या गिस्विलची आहे. आईकडून इंग्रज, जर्मन आणि आयरिश रक्त आहे. हार्वर्डचे इतिहासकार हेन्री लुइस गेट्स यांनी २०१० साली दूरचित्रवाणीसाठी हा वंशवृक्ष उलगडून दाखवला होता. असा शोध कसा घ्यायचा आणि तो कुठे फसतो, हे समजून घ्यायला हे घराणे उत्तम उदाहरण आहे.

'ब'चा 'प' व्हायला जर्मन उच्चारच पुरेसा आहे. मराठीत 'खराब', 'गरीब' म्हणताना शेवटचा 'ब' 'ब'च राहतो. जर्मनमध्ये मात्र शब्दाच्या शेवटी आलेले ब, ड, ग हे प, ट, क असे ऐकू येतात. मूळ आडनावाचा जर्मन उच्चार साधारण 'श्ट्रेप'. इंग्रजी कानाने तो ऐकून लिहिला की शेवटी 'प' येतो आणि मधला 'ई' इंग्रजी वाचनातून येतो. न्यूयॉर्कच्या बंदरात अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही लोकप्रिय कथा मात्र खरी नाही. उतारूंच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरातच तयार व्हायच्या. नावे बदलत ती पुढच्या काही दशकांत, शाळेत, चर्चमध्ये, जनगणनेच्या तक्त्यात.

म्हणून शोध घेताना स्पेलिंगला चिकटून राहू नये. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेच्या सूचींसाठी साउंडेक्स ही पद्धत वापरली गेली. त्यात आडनावाचे पहिले अक्षर ठेवतात, स्वर गाळतात आणि सारख्या ध्वनींच्या व्यंजनांना एकच अंक देतात. ब आणि प या दोघांचा अंक १, त्यामुळे स्ट्रीब आणि स्ट्रीप दोन्हींचा संकेतांक एस-३६१ असाच येतो. पण पहिले अक्षरच बदलले असेल, म्हणजे 'क'साठी सी लिहिले की के, तर ही पद्धत हात टेकते. तेव्हा आडनाव सोडून पहिले नाव, वय आणि परगणा यांवरून शोधावे लागते.

सुरुवात नेहमी जवळच्या पिढीपासून करायची. मेरिल स्ट्रीप यांचा जन्म २२ जून १९४९ रोजी न्यू जर्सीतल्या समिट येथे झाला. अमेरिकेत दर दहा वर्षांची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९५० ची गणना २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वांना पाहता आली. तिथून मागे जाताना प्रत्येक तक्ता थोडे वेगळे सांगतो. १९०० च्या तक्त्यात देशात आल्याचे वर्ष आहे. १८८० मध्ये आईवडिलांची जन्मस्थळे आणि कुटुंबप्रमुखाशी नाते आहे. १८५० मध्ये घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव आहे, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे. १८९० ची गणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास संपूर्ण गेली. नेमकी स्थलांतराच्या धामधुमीतली ही वीस वर्षांची पोकळी फार त्रास देते. ती शहरांच्या वार्षिक निर्देशिका आणि चर्चच्या नोंदींनी भरून काढावी लागते.

तक्त्यात 'जर्मनी' एवढेच असेल तर शोध तिथेच अडतो. १८६० आणि १८७० च्या गणनेत गणकांना जर्मन राज्याचे नाव लिहायला सांगितले होते, त्यामुळे त्यात 'व्युर्टेमबर्ग' किंवा 'बाडेन' सापडू शकते. लोफेनाऊच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण हे गाव व्युर्टेमबर्गच्या राज्यात होते आणि अगदी शेजारचे गेर्न्सबाख बाडेनमध्ये. चुकीच्या राज्याचे दप्तर चाळत बसलात तर हाती काहीच लागत नाही. गावाचे नाव मिळण्याच्या खऱ्या जागा म्हणजे जर्मन भाषिक चर्चची लग्न-दफन नोंदवही, थडग्यावरचा मजकूर आणि मृत्युलेख. नागरिकत्वाचे अर्जही पाहावेत, पण सप्टेंबर १९०६ पूर्वीच्या अर्जांत बहुधा फक्त देशाचे नाव असते.

गाव एकदा सापडले की काम एकदम सोपे होते. व्युर्टेमबर्गमधल्या प्रोटेस्टंट चर्चनी १८०८ पासून कुटुंबवार नोंदवह्या ठेवल्या: एका पानावर नवरा, बायको, दोघांचे आईवडील, सगळी मुले आणि बहुतेकदा 'अमेरिकेला गेला' असा शेराही. वाचायला मात्र कुरेंट ही जुनी जर्मन लिपी शिकावी लागते. तिच्यात ई आणि एन ही अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात. आणखी दोन खड्डे आहेत. योहान हे अनेकदा नुसते पुढे लावलेले नाव असते, हाक दुसऱ्याच नावाने मारतात. शिवाय तान्हे मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देत, त्यामुळे पहिली जन्मनोंद मिळाल्यावर मृत्यूनोंद तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्विस शाखेत वाट वेगळी आहे. तिथे कागदावर जन्मगाव नव्हे, तर 'हाइमाटोर्ट' म्हणजे पिढीजात मूळ गाव लिहितात. माणूस झुरिकमध्ये जन्मला, तरी कागदावर गिस्विल. आपल्याकडच्या गावावरून पडलेल्या 'कर' आडनावांचा धागा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे याचे महत्त्व कळेल.

आयर्लंडचे दुखणे निराळे. आईकडचे खापरपणजोबा मॅनस मॅकफॅडन आणि खापरपणजी ग्रेस स्ट्रेन डोनेगॉलमधल्या डनफॅनाही भागातले. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले दप्तरखाने यादवीत जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. कॅथलिकांची नागरी जन्मनोंदही १८६४ पासूनच आहे. उरतो तो ग्रिफिथचा जमीन-मूल्यांकन तक्ता, १८४७ ते १८६४ चा, आणि कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या, ज्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विनामूल्य दाखवल्या आहेत. मॅकफॅडन हे डोनेगॉलमध्ये फारच सामान्य आडनाव आहे. एकटे नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे धरू नये; बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावे आणि वस्तीचे नाव जुळले तरच विश्वास ठेवावा.

मग थेट डीएनए चाचणी का नको? चाचणी थुंकीच्या नमुन्यातून डीएनएमधल्या साधारण ६-७ लाख जागा तपासते आणि संदर्भ-लोकसंख्येशी, म्हणजे ज्यांचे मूळ ठाऊक आहे अशा लोकांच्या गटांशी, तुलना करते. पण जर्मन, स्विस आणि फ्रेंच लोक शतकानुशतके एकमेकांत मिसळले आहेत. त्यांच्या टक्केवारीतल्या सीमा धूसर असतात, आणि कंपनीने संदर्भगट बदलला की त्याच थुंकीचा अहवाल बदलतो. खरा उपयोग नातेवाईक शोधण्याचा. सामायिक डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. चुलत-मामे भावंडांत सरासरी सुमारे ८७० सेंटिमॉर्गन सामायिक असतात, दुसऱ्या पातळीच्या (पणजोबा-पणजी एकच असलेल्या) भावंडांत सुमारे २३०, तिसऱ्या पातळीत ७० च्या आसपास. सात सेंटिमॉर्गनहून लहान तुकड्यांवर कधीही वृक्ष उभारू नये. लोफेनाऊसारख्या लहान गावात तर पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झालेली असू शकतात, मग हे आकडे फुगतात आणि नाते प्रत्यक्षाहून जवळचे वाटते. स्ट्रीप या पितृवंशाच्या शाखेसाठी बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र हवे, जे स्त्रीमध्ये नसते. ते भावाकडून किंवा वडिलांकडच्या पुरुष नातेवाइकाकडून घ्यावे लागते.

कागद आणि रक्त यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या शाखेत. सतराव्या शतकात तिथे वसलेल्या पहिल्या युरोपीयांपैकी लॉरेन्स विल्किन्सन हे मेरिल स्ट्रीप यांचे दहाव्या पिढीचे पूर्वज. त्या पिढीत पूर्वजांच्या १०२४ जागा असतात, म्हणजे एकेकाचा डीएनएमधला सरासरी वाटा एक दशांश टक्क्याहून कमी. पण डीएनए पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या तुकड्यांत जातो, त्यामुळे अशा एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा उरला नसण्याची शक्यता साधारण निम्मी. विल्किन्सन कागदावर पक्के आहेत, थुंकीत कदाचित नाहीत.