पानांचा पसारा, खाली पेन्सिली

पहिल्या वर्षी गच्चीवरच्या पिशवीत लावलेला रताळ्याचा वेल असा माजला की शेजारच्या तुळशीला वेढा घालून कठड्यावरून खाली लोंबायला लागला. चार महिन्यांनी मोठ्या हौसेने पिशवी पालथी केली. निघालं काय, तर पेन्सिलीएवढी जाड, चिवट मुळं. एक मोडून पाहिलं तर मोडता मोडेना, आत नुसत्या काथ्यासारख्या तारा. माझी चूक अशी की मी रताळं बटाट्यासारखं लावलं होतं. मोड आलेलं अख्खं रताळं मातीत पुरलं, वर हात सैल सोडून शेणखत घातलं आणि रोज पाणी.

उपासाला दोन्ही चालतात, टोपलीत दोन्ही शेजारी असतात, म्हणून ती भावंडं वाटतात. नावानेही घोळ वाढवला आहे. ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तोही रताळ्यासाठीचा. युरोपियनांच्या तोंडी तो अँडीज पर्वतातल्या दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि पोर्तुगीजांकडून तसाच आपल्याकडे आला. रताळ्याच्या शास्त्रीय नावात, इपोमिया बटाटासमध्ये, तो अजून मूळ मालकाकडे आहे.

बटाटा वांग्याच्या कुळातला आणि तो आहे जमिनीखालचं खोड, म्हणून तर त्याला डोळे असतात. रताळं गारवेलीच्या कुळातलं. ओढ्याकाठची बेशरम, कोकणात समुद्राच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल हे त्याचे सख्खे नातलग. आणि रताळं म्हणजे चक्क फुगलेलं मूळ. लागवडीतला सगळा फरक इथून सुरू होतो.

वेलाचं एक पेर जवळून पाहा. देठाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, बारीक फुगवटे दिसतील. हे मुळांचे तयार अंकुर, ओलावा मिळण्याची वाट पाहणारे. मातीत गेल्यावर यातून जी जाड मुळं निघतात त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. मुळाचा गाभा लाकडासारखा कडक झाला की ते कायमचं पेन्सिल राहतं. तो मऊ राहिला, तर आतल्या जलवाहिन्यांभोवती वाढीचे नवे थर तयार होतात, पेशी भराभर विभागतात, त्यांत पिष्ट साठतं आणि मुळाचं रताळं होतं. हा निवाडा बराचसा लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच लागतो. नंतरचे तीन महिने फक्त भरणा. त्या पहिल्या महिन्यात माती वाळून खडखडीत झाली, पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली, किंवा खतातल्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, मारा झाला, की मुळं लाकडाच्या वाटेला लागतात. माझ्या पिशवीत यांतल्या दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या.

म्हणून आता मी रताळं पुरत नाही. ते ओलसर वाळूत अर्धं बुडवून ठेवतो, कोंब वीतभर-दीड वीत वाढले की शेंड्याकडचे तुकडे कापतो. तुकडा साधारण २० ते ३० सेंटिमीटरचा, त्यातली दोन-तीन पेरं मातीखाली, शेंडा वर. तुकड्यांमध्ये हातभर नाही तरी वीतभर अंतर हवंच. परसात जागा असेल तर वरंबा करावा, गच्चीवर रुंद पिशवी आणि भुसभुशीत माती. खत बेताचं, पण चुलीची राख मिळाली तर मूठभर जरूर घाला. तिच्यातलं पोटॅश मुळांच्या कामी येतं, नत्र मात्र पानांचा पसारा वाढवतं. जूनच्या अखेरीस लावलं तर नवरात्राच्या सुमारास काढणीला येतं. थंडी याला मानवत नाही, पुण्याच्या डिसेंबरात वेल रुसून बसतो. वाणाचं म्हणाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण अश्विनी’ आहे, आणि तिरुअनंतपुरमच्या कंदपिके संशोधन संस्थेचे केशरी गराचा ‘भू सोना’, जांभळ्या गराचा ‘भू कृष्णा’. पण सुरुवातीला बाजारातल्या रताळ्यावरही काम भागतं.

वेल जमिनीवर लोळला की पेरापेराला मुळं धरतो आणि अन्न चार ठिकाणी वाटलं जातं. आई सांगायची, ‘आठवड्याला वेल उचलून पुन्हा टाकायचा.’ त्यामागचं कारण हे.

माती भेगाळली की बुजवा. काळसर निळ्या अंगाचा, मधे तांबडा, मुंगीसारखा दिसणारा सोंडकिडा त्या भेगांतून खाली उतरतो आणि रताळ्यात अंडी घालतो. अळीने पोखरलेल्या भागाभोवती रताळं स्वतःच कडू, विषारी रसायनं तयार करतं. कडू रताळं थोडं कापून बाकीचं खाऊ नये, सरळ टाकून द्यावं.

एक गंमत इथेच सांगतो. २०१५ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की लागवडीतल्या रताळ्याच्या जनुकांत ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूची जनुकं मिसळलेली आहेत. त्यांनी तपासलेल्या लागवडीच्या २९१ वाणांपैकी प्रत्येकात. प्रयोगशाळेत बाहेरची जनुकं घुसवायला हाच जिवाणू वापरतात. म्हणजे जनुकबदल झालेल्या पिकांवरून आपण हिरिरीने भांडतो, आणि एकादशीला त्यांतलंच एक निसर्गाने बनवलेलं, कीस करून खातो.

काढल्या काढल्या रताळं शिजवलं तर पिठूळ, मचूळ लागतं, आणि माणूस समजतो वाण वाईट. आठवडाभर ऊबदार, दमट, सावलीच्या जागी ठेवा. खुरप्याचे ओरखडे बुचासारख्या थराने बंद होतात, पिष्टाची थोडी साखरही होते. फ्रिजमध्ये मात्र नको. साधारण १२ अंशांखाली त्याच्या पेशींना इजा होते, मग कितीही शिजवा, मधे गाठ कडक राहते.

खरी गोडी चुलीवर ठरते. रताळ्यात पिष्टापासून माल्टोज साखर बनवणारं एक विकर असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं आणि त्यापुढे निकामी होतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा झर्रकन ओलांडतं. निखाऱ्यात हळूहळू तापताना विकराला बराच वेळ मिळतो, सालीतून पाक पाझरून करपतो. हातगाडीवरच्या भाजक्या रताळ्याची चव घरी येत नाही, ती यामुळेच. मी ओव्हन मंद ठेवून तासभर भाजतो, बऱ्यापैकी जमतं.

यंदा पिशवीतून सात निघाली, त्यातलं एक सोंडक्याने खाल्लेलं. उपटण्याआधी वेलाचे पाच शेंडे कापून कुंडीत खोचले होते, त्यांना आता पांढरी मुळं फुटली आहेत. जूनपर्यंत त्यांना जगवायचं, एवढंच काम शिल्लक.