प्रतिकृतींतून विज्ञानशिक्षण (नागपूर)

फार मोठी, फार लहान किंवा शरीराच्या आत चालणारी गोष्ट हाताळता येईल अशा मॉडेलवरून शिकण्याची पद्धत. नागपुरातील विद्यार्थ्यांना ती भेटते मुख्यतः गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात. १९९२ साली सुरू झालेले हे केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे. महापालिकेच्या शाळांतील मुले अपूर्व विज्ञान मेळ्यात घरगुती वस्तूंचे प्रयोग स्वतः समजावून सांगतात, तेही याच वाटेवरचे.

वर्गात सर्वाधिक चालणारे मॉडेल श्वसनाचे. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचे रबर ताणून बसवतात, झाकणातून स्ट्रॉ घालून तिच्या आतल्या टोकाला फुगा बांधतात. रबर खाली ओढले की बाटलीतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा फुग्यात शिरते. हवा ओढल्यामुळे छाती फुगत नाही, छाती फुगल्यामुळे हवा आत येते, हे इथे हाताला कळते. झाकणापाशी फट राहिली तर फुगा हलत नाही; ती फट मुलांनाच शोधू द्यावी. मात्र मॉडेल कुठे खोटे पडते हेही शिकवायलाच हवे. बाटलीचे रबर म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा; पण खरे श्वासपटल घुमटासारखे असते आणि श्वास घेताना सपाट होते, बरगड्याही हलतात. बाटलीत फुग्याभोवती मोकळी हवा असते, छातीत फुप्फुसांभोवती तशी पोकळी नसते. प्रदर्शनासाठी विकत आणलेल्या तयार मॉडेलमध्ये हा विचार करायची वेळच येत नाही.

सूर्यमालेच्या तक्त्यात ग्रह खेटून काढलेले असतात. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरले, तर सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो. पृथ्वी त्यापासून १५ मीटरवर, जेमतेम सव्वा मिलिमीटरची. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर.

नागपूर सुमारे २१.१५° उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे अखेरचा सुटीत जातो, जुलैच्या मध्याचा बहुधा ढगांत. त्यावर पृथ्वीगोलाचा उपाय आहे. कोणत्याही निरभ्र दुपारी, सव्वाबाराच्या आसपास, गोल उन्हात असा ठेवायचा की नागपूर सर्वांत वर येईल आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे राहील. नागपूरवर उभी केलेली टाचणी मैदानातल्या काठीच्याच दिशेने सावली टाकते. मग टाचणी नागपूरच्या रेखावृत्तावरून सरकवत न्यायची; जिथे सावली नाहीशी होते, तिथे त्या क्षणी सूर्य डोक्यावर असतो.