आपोआप सरकणाऱ्या दांडीची जुनी गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत भुसावळचा भाचा जळगावला आला की त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वायरी जास्त निघतात. यंदा त्याने रिमोट टेबलावर ठेवला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "मामा, पाहा ना. मी हात पण नाही लावेल." टीव्हीवरच्या गेममध्ये त्याचा बचावपटू चेंडू सोडून एकटाच डाव्या रेषेकडे चालत निघाला होता. (आमच्याकडची पोरं गेम खेळायच्या कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. मीही मध्येमध्ये तेच म्हणेन.)

कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची जी दांडी असते, ती हात न लावताच सरकल्यासारखी वागते, या दुखण्याला जगभर 'ड्रिफ्ट' म्हणतात. त्यावरून अमेरिकेत खटले झाले, युरोपात ग्राहक संघटनांनी तक्रारी केल्या, एका बड्या कंपनीच्या अध्यक्षाने भागधारकांसमोर माफी मागितली. हे सगळं गेल्या काही वर्षांतलं, त्यामुळे आजारही नवा असेल असं मला वाटत होतं. हा समज अमळनेरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मोडला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, आता पंखे आणि मिक्सर करतात. रिमोट उघडून दांडीखालचा डबीसारखा भाग मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, नखाने डबीचं हिरवं झाकण उचकटलं आणि हसले. "हाई ते रेडिओना कंट्रोलनं दुखनं शे."

कंट्रोल म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. ज्यांच्या घरी आकाशवाणी जळगाव लागायचं त्यांना ती खरखर आठवत असेल. आवाज वाढवायला बटण फिरवावं तर मधल्याच एका जागी खर्र व्हायचं, कधी आवाज एकदम चढायचा, कधी गायब. बटणाच्या आत नालेच्या आकाराची कार्बनची काळी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक बारीक जीभ सरकते. जीभ पट्टीवर जिथे असेल तितका विद्युत रोध. लोक रोज साधारण त्याच आवाजात ऐकायचे, म्हणून पट्टी त्याच जागी झिजायची. मेकॅनिक लोक त्यात सीटीसीचे दोन थेंब सोडत. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. तो ओझोनला मारक असल्यामुळे माँट्रियल कराराखाली भारताने २०१० पासून त्याचा असा वापर बंद केला. अण्णांच्या फळीवर त्याची रिकामी बाटली अजून आहे.

हिरव्या झाकणाखाली मला दिसली ती हीच नाल, फक्त नखाएवढी. काळ्या पट्टीवर बरोबर मधोमध एक चकचकीत ओरखडा होता आणि त्याच्या दोन्ही कडांना काजळीसारखा चुरा साचलेला. एका दांडीखाली असे दोन कंट्रोल असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. दांडी सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते, तेव्हा जीभही पट्टीच्या मध्यावर येते आणि निम्मा व्होल्टेज मिळतो. आतली चिप तो व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करते. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये तो ० ते २५५ असतो, म्हणजे मध्य १२७-१२८ च्या आसपास. पट्टी झिजली की दांडी मध्यावर असूनही आकडा ११० येतो. चिपला ओरखडा दिसत नाही, तिला आकडाच दिसतो, आणि ११० म्हणजे डावीकडे. बचावपटू निघाला चालत. आकडा थोडाच घसरला असेल तर गेम त्याकडे काणाडोळा करतो, कारण मध्याभोवतीची थोडी हालचाल मोजायचीच नाही असं त्याला सांगून ठेवलेलं असतं. त्या टापूला 'डेडझोन' म्हणतात. सेटिंगमध्ये डेडझोन वाढवून पोरं दोन-तीन महिने काढतात. मग नेम धरताना बारीक हालचाल जुमानेनाशी होते आणि रिमोट पुन्हा टेबलावर येतो.

आमच्या पिढीला हा आजार माहीत नव्हता, कारण आमच्या रिमोटला दांडीच नव्हती. नव्वदच्या दशकात खान्देशात जे 'टीव्ही गेम' आले ते निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राच्या नकला होते. मूळ फॅमिकॉम १९८३ चा. त्याच्या रिमोटवर अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण असे, चार दिशांना चार संपर्क. दाबलं तर १, सोडलं तर ०, मधलं काही नाही. जे मोजलंच जात नाही ते घसरणार कसं? ते रिमोट बिघडायचे वेगळ्या कारणांनी. वायर मानेजवळ तुटायची, नाहीतर बटणाखालच्या रबरावरचा काळा थर उडायचा. मग सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कापून रबराखाली चिकटवायची किंवा पेन्सिल घासायची. यावल रोडवरच्या एका टपरीत तासाचे पाच रुपये देऊन आम्ही खेळायचो, आणि टपरीवाल्याच्या गल्ल्यात चंदेरीचे चौकोन कापून ठेवलेले असत.

दांडी मात्र त्याआधीच येऊन बदनाम झाली होती. १९८२ मध्ये अटारीने ५२०० नावाचं यंत्र काढलं. त्याच्या दांडीखाली हेच कार्बनचे कंट्रोल होते, पण तिला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग नव्हती. सोडली की कुठेही पडून राहायची. त्या कंट्रोलरची नाचक्की झाली आणि पुढची बरीच वर्षं घरगुती गेममध्ये अधिक चिन्हाचंच राज्य राहिलं. खेळ सपाट होते तोवर चार दिशा पुरतही होत्या.

खोली असलेले, म्हणजे थ्रीडी, खेळ आले आणि चालणं व धावणं यांतला फरक बोटाने सांगायची गरज पडली. १९९६ च्या जूनमध्ये निन्टेन्डो ६४ हे यंत्र जपानात विक्रीला आलं. त्याच्या दांडीत कार्बन नव्हता. जुन्या गोळीच्या माउससारख्या खाचा पाडलेल्या चकत्या होत्या, त्या प्रकाशाच्या वाटेत आड येत फिरायच्या आणि चिप खाचा मोजायची. कल्पना चांगली, पण दांडीचा तळ प्लास्टिकच्या वाटीत घासायचा. घासून पांढरी पूड पडायची आणि दांडी दुखऱ्या दातासारखी हलत राहायची. घसरण नव्हे, ढिलाई. त्यातच 'मारिओ पार्टी' या खेळात दांडी गरगर फिरवायचे प्रकार होते. पोरांच्या तळहातांना फोड आले, न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने हात घातला आणि २००० मध्ये निन्टेन्डोने घरोघरी हातमोजे देऊ केले. दांडीच्या इतिहासातली ही पहिली नुकसानभरपाई असावी, आणि तीही दांडीची नव्हे, हाताची.

त्याच १९९६ मध्ये सेगा कंपनीने आपल्या सॅटर्न या यंत्रासाठी एक गोल कंट्रोलर काढला आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्ट या पुढच्या यंत्रालाही तीच युक्ती दिली. दांडीच्या बुडाशी चुंबक आणि त्याखाली, त्याला न शिवता, एक संवेदक. काही घासतच नाही, तर झिजणार काय? या संवेदकामागचं तत्त्व १८७९ चं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली, आडवं चुंबकीय क्षेत्र धरलं आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज आढळला. सराफ बाजाराच्या गावात राहतो म्हणून असेल, पण मला या सगळ्या इतिहासात हा वर्खच जास्त आवडतो. ज्या आजाराने आज पोरं वैतागली आहेत, त्यावरचा उपाय निदान १९९६ पासून लोकांच्या हातात होता. पण २००१ मध्ये ड्रीमकास्ट बंद पडलं, सेगा यंत्रांच्या धंद्यातून बाहेर पडली आणि चुंबकाची दांडीही तिच्याबरोबर गेली.

राहिली सोनीची वाट. सोनीने प्लेस्टेशनसाठी १९९७ मध्ये दोन दांड्यांचा कंट्रोलर काढला, त्याच वर्षाअखेर ड्युअलशॉक आणला, आणि पुढे सगळ्यांनी तोच साचा धरला. त्यात कार्बनचा कंट्रोल. स्वस्त, छोटा, वीज कमी खाणारा, आणि बनवणाऱ्यांचा हात बसलेला. प्लेस्टेशन टूच्या काळात आमच्याकडच्या गेम पार्लरांत दांड्या घसरत नव्हत्या असं नाही, पण कुणी बोभाटा करत नसे. एक तर नकली रिमोट स्वस्तात मिळायचे, आणि तेव्हाचे खेळ डेडझोन ऐसपैस ठेवायचे. नंतर नेमबाजीचे ऑनलाइन खेळ आले. त्यांना बारीक हालचाल लागते, म्हणून डेडझोन आक्रसला. शिवाय पळायचं असेल तर दांडी पुढे रेटून खालीही दाबायची. झीज वाढली आणि ती लपायची जागाही गेली.

बोभाटा झाला तो निन्टेन्डो स्विचमुळे. मार्च २०१७ मध्ये ते आलं. त्याच्या जॉय-कॉन नावाच्या कंट्रोलरमधली दांडी फार चपटी आहे. तिच्यात नालेच्या जागी सपाट कार्बनचे तुकडे आहेत, घासणं तेच. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, जून २०२० मध्ये अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. त्यांच्याकडे सुमारे २५,००० ग्राहकांच्या हकिगती होत्या, आणि त्यांतल्या ८८ टक्के प्रकरणांत कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडला होता. २०२३ मध्ये निन्टेन्डोने युरोपात अशी दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही फुकट करायचं मान्य केलं. आपल्याकडे ही यंत्रं मुख्यतः आयात करणाऱ्या दुकानदारांकडूनच मिळत आली, त्यामुळे त्या कबुलीचा इथल्या पोरांना उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टवर २०२० मध्ये आणि सोनीवर २०२१ मध्ये तसेच दावे झाले.

या भांडणांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो एक साधा भागाकार. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, त्याचा सुटा कंट्रोलर ५,९९० रुपयांना होता. त्याच सुमारास आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी तो उघडला. आतल्या दांडीचं आयुष्य उत्पादकाच्या कागदावर २० लाख फेऱ्यांचं. नेमबाजीच्या एका लोकप्रिय खेळात मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर २५,००० मिनिटांत, म्हणजे ४१७ तासांत, हिशोब संपतो. रोज दोन तास खेळणाऱ्याचे सात महिने. आमचा भाचा सुट्टीत दोन तासांवर थांबत नाही. वॉरंटी एक वर्षाची असते, पण 'पडला होता का, पाणी गेलं का' या प्रश्नांतून ती पार करणं हा वेगळाच खेळ आहे.

आमच्याकडे मात्र दोष कायम धुळीला दिला जातो. वैशाखातला वारा, जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस, केळीच्या वेफरने तेलकट झालेली बोटं. "खान्देशातली धूळच अशी" हे वाक्य मी किमान चार दुकानांत ऐकलंय. धूळ दांडीच्या कडेने आत शिरते हे खरं, जॉय-कॉनमध्ये तर जास्तच. पण गालिचे घातलेल्या बंद खोल्यांत खेळणाऱ्या लंडन-पॅरिसच्या पोरांचेही रिमोट घसरले, ते काय आमच्या कापसाने? अण्णांच्या भिंगाखालचा काळा चुरा मी बोटावर घेऊन पाहिला. माती नव्हती, पट्टीचाच कार्बन होता.

म्हणूनच फवाऱ्याचा उपाय टिकत नाही. गोलाणी मार्केटमध्ये रिमोट नेला की बहुतेक जण आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडी गरगर फिरवतात. चुरा धुऊन जातो, आकडा जागेवर येतो, पोरगं खूश. उडालेला कार्बन काही परत येत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. नीट करायचं तर दांडीचा पूर्ण भाग बदलावा लागतो, आणि तो चौदा ठिकाणी झाळलेला असतो. चौदाही जागांचं कथील पंपाने ओढल्याशिवाय तो निघत नाही. घाई केली तर बोर्डावरचे तांब्याचे वर्ख उखडतात आणि मग रिमोट भंगारात. मोबाइलची कामं करणाऱ्या पोरांकडे हॉट एअर (गरम हवेने कथील वितळवणारं यंत्र) आणि हात दोन्ही असतात, पण वेळ लागतो म्हणून ते नवीन घ्या म्हणतात. सोनीने २०२३ च्या जानेवारीत बिनझाळणीची, ओढून बदलता येणारी दांडी असलेला महागडा कंट्रोलर काढला. आत मात्र कार्बनच.

चुंबकाची दांडी परत आणली ती सुटे भाग बनवणाऱ्यांनी. गुलीकिट या चिनी कंपनीने स्विच आणि स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रांसाठी हॉल तत्त्वावरच्या दांड्या विकायला सुरुवात केली, मग इतरांनीही कंट्रोलर काढले. आता टीएमआर नावाचा, वीज आणखी कमी खाणारा चुंबकी प्रकारही आलाय. बहुतेक मोठ्या कंपन्या अजून जुन्याच वाटेवर आहेत. जून २०२५ मध्ये स्विच २ आलं आणि त्याच्या दांड्या हॉलच्या नाहीत हे निन्टेन्डोच्याच माणसाने आधी सांगून टाकलं होतं.

भाच्याच्या रिमोटसाठी आम्ही हॉलची जोडी ऑनलाइन मागवली. अण्णांनी पंप ओढला, मी टॉर्च धरला, दोन दांड्यांना पावणेदोन तास लागले. बसवल्यावर मध्य पुन्हा नेमून द्यावा लागतो, ते काम भाच्याने लॅपटॉपच्या ब्राउझरमधून केलं, अण्णा बघत राहिले. निघालेला जुना कंट्रोल त्यांनी फेकला नाही. नाल उलटी करून पाहिली, पुसली आणि रेडिओच्या कंट्रोलांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.